काच धुणारं पाणीही सुरक्षेतच मोजा

एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सहा-साडेसहाला चिर्ल्याहून अटल सेतूवर चढलेली गाडी शिवडीकडे निघते, तेव्हा मावळतीचा सूर्य जवळपास समोरच असतो. काच स्वच्छ असेल तर वरची झडप खाली ओढून भागतं. पण उरणच्या रस्त्यांवर दिवसभर फिरलेल्या गाडीची काच स्वच्छ राहत नाही. तिच्यावर बारीक धूळ, खाऱ्या हवेतलं मीठ आणि डिझेलची काजळी यांचा थर बसलेला असतो. तिरपं ऊन पडलं की तो थर एकदम उजळतो. पुढची गाडी, लेनचा पट्टा, ब्रेकचे लाल दिवे, सगळंच पांढुरकं होऊन जातं. चालक स्टीअरिंगजवळची दांडी ओढतो. वायपर कोरडाच खरवडत फिरतो आणि थर आणखी पसरतो. पाणी काही येत नाही.

सेतूवर कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. म्हणजे गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. काच तीन सेकंद आंधळी राहिली, तर ८० मीटरांहून अधिक रस्ता न बघताच कापला जातो. एकूण २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूचा सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे आणि तिथे गाडी थांबवायला मनाई आहे. १२ जानेवारी २०२४ ला सेतूचं उद्घाटन झाल्यावर फोटो काढण्यासाठी गाड्या उभ्या करणाऱ्यांवर मुंबई पोलिसांना पहिल्याच काही दिवसांत कारवाई करावी लागली होती. ती मनाई योग्यच आहे. मात्र तिचा दुसरा अर्थ असा, की बाटलीतलं पाणी ओतून फडक्यानं काच पुसण्याचा नेहमीचा उपाय इथे चालत नाही. काच धुवायची तर ती चालत्या गाडीतूनच धुतली गेली पाहिजे.

आणि नेमकी हीच यंत्रणा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. ब्रेक लागत नसेल तर कोणी गाडी बाहेर काढत नाही. हेडलाइट गेला तर त्याच संध्याकाळी बल्ब बदलला जातो. वॉशर मात्र बंद पडला की वर्षानुवर्षं बंदच राहतो. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून सोडून दिलेल्या कामांत त्याचा नंबर वरचा असतो. न्हावा शेवासारख्या ठिकाणी तरी ही सवय मोडायला हवी. वॉशर हा गाडीच्या सुरक्षेचा भाग आहे. मालकानं, गॅरेजनं, बंदरानं आणि परिवहन खात्यानं त्याच्याकडे तसंच पाहिलं पाहिजे.

न्हावा शेवाच का, याचं उत्तर तिथल्या रस्त्यावर आहे. २६ मे १९८९ ला सुरू झालेलं इथलं जवाहरलाल नेहरू बंदर देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात, वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात, सुमारे ७३ लाख कंटेनर इथून हलले. यातले काही रेल्वेनं जात असले, तरी मोठा वाटा रस्त्यानंच येतो-जातो. करळ फाटा, दास्तान फाटा, जासई, गव्हाण फाटा, पळस्पे या वाटेवर ट्रेलरमागे ट्रेलर असतो. चाळीस फुटी कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरची चाकं रस्त्याकडेची माती उडवतात आणि मागच्या कारच्या काचेवर ती थेट येऊन बसते. त्यात पनवेल-उरण पट्ट्यातल्या दगडखाणी, उलवे-द्रोणागिरीची बांधकामं आणि विमानतळाभोवतीची कामं यांची भर पडते. जसखार, सोनारी, करळ, पागोटे या गावांनी ही धूळ वर्षानुवर्षं अंगावर घेतली आहे.

धुळीच्या जोडीला खाडी आणि समुद्र आहेच. खारी दमट हवा रात्रभर काचेवर बसते, सकाळी वाळते आणि तिचा चिकट पापुद्रा राहतो. डिझेलच्या धुरातली काजळी तेलकट असते. तिच्यावर नुसतं पाणी मारलं तर ती निघत नाही, फिसकटते. वायपर कोरडा फिरवला तर धुळीतले दगडाचे कण रबराखाली येऊन काचेवर ओरखडे पाडतात. असा अर्धवर्तुळाकार ओरखडा एकदा पडला की धुऊन जात नाही. रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश त्या प्रत्येक रेघेवर फुटतो. नवी काच बसवायचा खर्च नव्या पंपाच्या कितीतरी पट असतो.

पावसाळ्यात वॉशर लागत नाही, हा समजही इथे खोटा ठरतो. जोराच्या सरीत काच आपोआप धुतली जाते, हे खरं. पण जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल, माती आणि रबराचा भुगा यांचा राडा होतो आणि पुढच्या ट्रेलरची मागची चाकं तो मागे उडवतात. सर थांबून भुरभुर चालू असते तेव्हा तर काचेवर चिखलाचा लेप बसतो. तंबाखूची पुडी काचेवर चोळायची जुनी युक्ती ट्रकचालक याच वेळी वापरतात. यंत्रणा चालत नाही म्हणून माणसं जुगाड शोधतात.

खरं तर ही यंत्रणा अगदी साधी आहे. बॉनेटखाली किंवा पुढच्या चाकाच्या वर आत दडलेली प्लॅस्टिकची टाकी, तिच्या तळाशी रबरी बुचात बसवलेला बारा व्होल्टचा छोटा पंप, तिथून बॉनेटपर्यंत जाणारी पातळ नळी, मध्ये पाणी मागे जाऊ न देणारा एक झडपेचा तुकडा आणि शेवटी काचेवर फवारा मारणारं नोझल. विजेच्या बाजूला फ्यूज, दांडीतला स्विच, काही गाड्यांत रिले आणि पंपाचा कनेक्टर. एवढंच. त्यामुळे बिघाड शोधायला संगणक लागत नाही, क्रम लागतो.

आधी टाकी पाहावी. हे सांगण्यासारखं वाटत नाही, पण ‘वॉशर बिघडला’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांची टाकी रिकामी असते. झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चित्र असतं. शेजारीच इंजिनच्या कूलंटची टाकी असते, तिच्यात चुकून साबणाचं पाणी जाऊ नये म्हणून ते चित्र नीट पाहूनच झाकण उघडावं. पाणी भरल्यावर गाडीखाली डबकं साचलं, तर टाकीला चीर गेली आहे, पंपाचं रबरी बूच सुकलं आहे किंवा नळी निसटली आहे.

मग इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’ करावी, बॉनेट उघडावं आणि एकानं दांडी ओढत असताना दुसऱ्यानं कान द्यावा. सगळी तपासणी या एका आवाजावर दोन वाटांनी जाते. पंपाची घरघर ऐकू आली, तर वीज पोचते आहे आणि दोष पाण्याच्या वाटेत आहे. आवाजच नाही, तर दोष बहुतेक विजेच्या वाटेत आहे.

घरघर आहे पण पाणी नाही, अशा वेळी नोझलजवळचा नळीचा जोड हळूच सोडावा आणि पुन्हा दांडी ओढावी. नळीतून जोरात पाणी आलं, तर नोझल तुंबलं आहे. बारीक सुईनं भोक मोकळं करता येतं, पण कचरा आत ढकलला तर तो पुन्हा तिथेच येऊन अडकतो. म्हणून शक्य असेल तर नोझल काढून उलट बाजूनं हवा मारावी. भोकाभोवती पांढरा कडक थर असेल तर तो जड पाण्यातल्या क्षारांचा. काढलेलं नोझल थोडा वेळ पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की तो सुटतो. व्हिनेगर गाडीच्या रंगावर मात्र सांडू देऊ नये. बसवताना फवारा काचेच्या वरच्या अर्ध्या भागात पडतो ना, ते पाहावं. बऱ्याच नोझलमध्ये छोटी गोळी असते, ती सुईच्या टोकानं फिरवून दिशा बदलता येते. फवारा छपरावरून मागे जात असेल किंवा बॉनेटवरच पडत असेल, तर तो चालू असूनही निरुपयोगी आहे.

सोडलेल्या नळीतूनही पाणी आलं नाही, तर शोध खाली सरकतो. नळी कुठे दुमडली आहे का, निसटली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, ते पाहावं. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटखाली शिरतात आणि मऊ नळ्या, वायरींचं वेष्टण कुरतडतात. कंटेनर यार्डांच्या आणि धान्याच्या गोदामांच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा धोका अधिक असतो. नळी धड असेल तर पंपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी शेवाळानं आणि गाळानं भरलेली असणार. पंप बुचातून ओढून काढला, टाकी धुतली, जाळी साफ केली की पाणी वाहू लागतं. दांडी ओढल्यावर बऱ्याच वेळानं पाणी येत असेल, तर दोष झडपेचा. ती पाणी नळीत धरून ठेवत नाही, ते मागे टाकीत उतरतं आणि प्रत्येक वेळी नळी नव्यानं भरावी लागते. सेतूवरच्या वेगात तेवढा उशीरही परवडत नाही.

आवाज नसेल तर पहिली तपासणी फ्यूजची. कुठला फ्यूज, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. वायपर फिरतो आहे म्हणजे वॉशरलाही वीज मिळते आहे, असं गृहीत धरू नये. काही गाड्यांत दोघांचा फ्यूज एक असतो, काहींत वेगळा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तार गुंडाळून काम चालवलं तर वॉशरऐवजी वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तिथून पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं.

फ्यूज ठीक असेल तर पंपाचा कनेक्टर काढून पाहावा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत बऱ्याचदा इथेच दोष सापडतो. खाऱ्या हवेनं तांब्या-पितळेच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि वीज अडते. पिना साफ करून कनेक्टर घट्ट बसवला की पंप चालू झाल्याची उदाहरणं कुठलाही मिस्त्री सांगेल. तरीही पंप गप्प असेल, तर कनेक्टरवर टेस्टर किंवा मल्टिमीटर लावून कोणाला तरी दांडी ओढायला सांगावी. बारा व्होल्ट पोचतात आणि पंप हलत नाही, म्हणजे पंप गेला. व्होल्टच पोचत नाहीत, म्हणजे दोष वायरिंग, रिले किंवा स्विचमध्ये. मागची काच धुणाऱ्या बऱ्याच गाड्यांत दोन्हीकडे एकच पंप असतो. मोटर एका दिशेनं फिरली की पाणी पुढे जातं, उलटी फिरली की मागे. त्यामुळे मागे पाणी येतं आणि पुढे नाही, अशी तक्रार असेल तर पंप बदलण्याची घाई करू नये. पाणी नसताना दांडी ओढून धरण्याची सवयही सोडावी. पंपाला थंडावा पाण्याचाच असतो, कोरडा फिरवला की तो जळतो.

हे सगळं वाचायला लांबलचक वाटलं तरी करायला तेवढा वेळ लागत नाही. फ्यूज काही रुपयांचा, नळीही स्वस्त आणि पंप बहुतेक साध्या गाड्यांत काही शे रुपयांत मिळतो. आडकाठी पैशाची नाही. हे काम तातडीचं आहे, असं कोणाला वाटत नाही, एवढीच आडकाठी आहे.

टाकीत काय भरायचं, याकडे तर आणखी दुर्लक्ष होतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं आणि बोअरवेलचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ किंवा जड असतं. तेच टाकीत गेलं की नोझलवर क्षार बसतात आणि काचेवर पांढरे डाग राहतात. भांडी घासायचा साबण किंवा केसांच्या शाम्पूची पुडी टाकणारे बरेच आहेत. त्याचा फेस होतो, काचेवर ओघळ राहतात आणि जाळीवर लगदा साचतो. कोकणात पाणी गोठत नाही. त्यामुळे थंड देशांतलं मिथेनॉल मिसळलेलं द्रव इथे लागतच नाही आणि विषारी असल्यानं ते घरात नसलेलंच बरं. स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाणी आणि त्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात काच धुण्याचं द्रव, एवढं पुरतं. तेलकट काजळी कापण्याचं काम ते द्रव करतं.

नुसतं पाणी भरण्याचा एक धोका काचेपलीकडचाही आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या आरोग्य संशोधकांनी २०१० मध्ये लिजिओनेला जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वॉशरच्या टाकीत द्रव न घालता नुसतं पाणी ठेवणाऱ्या वाहनांतून फिरणाऱ्यांमध्ये हा आजार अधिक आढळला. तिथल्या एकट्यादुकट्या रुग्णांपैकी सुमारे २० टक्क्यांचा संबंध या सवयीशी असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. जिवाणूला कोमट, साचलेलं पाणी मानवतं आणि फवाऱ्याचे बारीक थेंब श्वासातून आत जाऊ शकतात. तो अभ्यास थंड हवेतल्या देशाचा आहे, त्याचे आकडे उरणला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण मे महिन्यात बॉनेटखाली तापणाऱ्या टाकीत महिनोन्महिने शिळं पाणी ठेवू नये, एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता कायद्याकडे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो, की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या फिल्मचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २७ एप्रिल २०१२ च्या निकालानंतर देशभर फिल्म उतरवल्या गेल्या. नियम १०१ वायपर सक्तीचा करतो. म्हणजे काच पारदर्शक हवी, हे तत्त्व आपण मान्य केलं आहे. मग धुळीनं माखलेली काच आणि कोरडी टाकी घेऊन फिरणारी गाडी कोणाला का खटकत नाही? फिल्मसाठी गाडी अडवणारा हात वॉशरसाठी कधी पुढे येत नाही. फिटनेस तपासणीत वायपर पाहिला जातो. तो फिरला की काम झालं असं न मानता, पाणी येतं का आणि ते काचेवर नीट पडतं का, हेही प्रत्येक वेळी पाहिलं गेलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये हे साध्या पद्धतीनं केलं जातं. तिथल्या वार्षिक वाहन तपासणीत वॉशर पुरेसं पाणी देत नसेल तर गाडी नापास होते. शिवाय वाहन परवान्याच्या परीक्षेत, गाडी चालू असतानाच, परीक्षक उमेदवाराला समोरची काच धुऊन दाखवायला सांगू शकतो. २०१७ पासून असे प्रश्न चालत्या गाडीत विचारले जातात. रस्त्यावरची नजर न हटवता वॉशर वापरता येणं हा गाडी चालवण्याचाच भाग आहे, असं तिथे मानलं जातं. आपल्या परवान्याच्या चाचणीत ही एक कृती घालायला ना नवा ट्रॅक लागतो, ना नवं यंत्र.

नव्या गाड्यांमुळे हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० नंतर, लेन ओळखणारे आणि पुढचं वाहन पाहून आपोआप ब्रेक लावणारे कॅमेरे भारतीय गाड्यांत वाढले. हे कॅमेरे पुढच्या काचेच्या आतून, आरशामागून रस्ता पाहतात. काच माखली की चालकाबरोबर कॅमेऱ्याचीही नजर जाते. महागडी सुरक्षा विकत घेऊन तिच्यासमोरची काच घाण ठेवण्यात काही अर्थ नाही.

यावर ट्रेलरचालकांची बाजू ऐकायलाच हवी. गाडी त्यांची नसते. बंद पंपाचे पैसे मालक देत नाही आणि रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या चालकाला चांगलं पाणी मिळण्याची सोय नसते. हे म्हणणं रास्त आहे, म्हणूनच दंडाची पावती फाडण्याआधी सोय झाली पाहिजे. बंदरानं ट्रेलरसाठी मोठा पार्किंग प्लाझा उभारला आहे, तिथे सुमारे दीड हजार ट्रेलर उभे राहू शकतात. त्याच ठिकाणी स्वच्छ पाण्याचे नळ, स्वस्तात काच धुण्याचं द्रव आणि फ्यूज, नळी, पंप बदलून देणारा एखादा मिस्त्री ठेवणं बंदर प्राधिकरणाला अवघड नाही. कागदपत्रांसाठी गाडी तिथे थांबतेच, तेवढ्या वेळात हे काम उरकतं. चिर्ले, जासई आणि गव्हाण फाट्याच्या वाटेवरचे पेट्रोल पंप टायरमध्ये हवा भरून देतात, तसं वॉशरचं पाणीही देऊ शकतात. वाहतूक कंपन्यांनी फेरीला निघण्याआधीच्या तपासणीत टायर आणि दिव्यांखाली वॉशरची एक ओळ वाढवावी आणि बंद पंपाचा खर्च चालकाच्या खिशातून काढू नये.

ही सोय उभी राहिल्यानंतर मात्र परिवहन विभाग आणि महामार्ग पोलिसांनी ढिलाई करू नये. सेतूच्या तोंडाशी नुसत्या टोलच्या रांगा नकोत, अधूनमधून दांडी ओढून दाखवायला सांगणारी एक तपासणीही हवी. पाणी आलं नाही तर पहिल्या वेळी ताकीद आणि दुरुस्तीसाठी मुदत द्यावी, दुसऱ्या वेळी दंड करावा. कार चालवणाऱ्यांनाही यातून सूट नको. ट्रेलरची धूळ अंगावर घेणारी कारच असते आणि सेतूवर ताशी शंभरच्या वेगानं धावणारीही तीच असते. या कामाला मुहूर्त हवा असेल तर तो मे महिन्याचा. टाकी धुणं, नोझल साफ करणं, कनेक्टरवरचा हिरवा थर काढणं आणि वायपरचं कडक झालेलं रबर बदलणं, ही चारही कामं जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी एका सकाळी आटोपतात.